प्रीॲम्प घेण्याआधी घरातलं गणित

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात पहिला व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) प्रीॲम्प, म्हणजे पॉवर ॲम्पच्या आधी लागणारी, आवाज कमी-जास्त करणारी पेटी आली, तेव्हा आईने ऐंशी ओलांडली होती. तिने उभा जन्म बडोद्याच्या मैफिली समोर बसून ऐकण्यात घालवलेला. मी हौसेने तिला मधल्या खुर्चीत बसवलं आणि एक विलंबित ख्याल लावला. दहा मिनिटं ती काहीच बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "तबलजी आज एकाच हाताने वाजवतोय का गं? डग्गा कुठाय?"

प्रीॲम्प नामांकित होता, महाग होता, गळ्याचा आवाज त्यातून फार सुरेख यायचा. पण डग्गा खरंच नव्हता. बिघाड त्या यंत्रात नव्हता, माझ्या पॉवर ॲम्पशी (स्पीकर चालवणाऱ्या पेटीशी) त्याचं जुळत नव्हतं, आणि हे विकत घेण्याआधी वहीच्या एका पानावर कळलं असतं. म्हणून पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्याला मी हेच सांगते: आधी घरातल्या यंत्रांचं गणित मांडा, मग दुकानाची पायरी चढा.

पहिली पायरी: प्रीॲम्प हवाच आहे का?

प्रीॲम्पची कामं मोजकी. सीडी, डॅक (डिजिटल गाण्याचा विजेचा सिग्नल करणारं यंत्र), टर्नटेबल, रेडिओ यांतलं काय ऐकायचं ते निवडणं. आवाज कमी-जास्त करणं. गरज असेल तेवढा सिग्नल वाढवणं. आणि पुढच्या पॉवर ॲम्पला तो नीट, अंगात जोर ठेवून पोचवणं. इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायरमध्ये हे सगळं आणि पॉवर ॲम्पही एकाच पेटीत असतं, आणि नवख्या माणसासाठी बहुतेक वेळा तोच शहाणपणाचा सौदा असतो.

तुमच्याकडे एकच डॅक असेल आणि त्याला स्वतःचं व्हॉल्यूम असेल, तर तो आधी थेट पॉवर ॲम्पला जोडून महिनाभर ऐका. डिजिटल व्हॉल्यूमची एक मर्यादा लक्षात असू द्या. सूर कमी केला तरी डॅकची स्वतःची खरखर तेवढीच राहते, त्यामुळे फार हळू आवाजात ती उघडी पडू शकते. तुम्हाला ती ऐकू येत नसेल, तर तूर्तास पैसे राहू द्या, किंवा स्पीकरवर आणि खोलीवर घाला. जाड पडदे, खाली सतरंजी, स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे, एवढ्याने जो फरक पडतो तो कुठलाही प्रीॲम्प पाडत नाही. माझं मत विचाराल तर सगळ्या खर्चाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त रक्कम प्रीॲम्पवर घालू नये, आणि चांगले स्पीकर घरात आल्याशिवाय तर मुळीच नाही.

दुसरी पायरी: चार आकडे वहीत लिहा

यंत्रांबरोबर आलेल्या पुस्तिका काढा. सीडी प्लेअर किंवा डॅक जास्तीत जास्त किती व्होल्ट देतो ते लिहा. साध्या आरसीए जोडणीवर हा आकडा बहुधा २ व्होल्ट असतो आणि तीन पिनांच्या एक्सएलआरवर ४. पॉवर ॲम्पला पूर्ण ताकदीने वाजायला किती व्होल्ट लागतात ते लिहा, त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात; साधारण १ ते २ व्होल्ट. पॉवर ॲम्पचा इनपुट इम्पीडन्स, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलला त्याचा विरोध, लिहा, तो १० हजार ओमपासून १ लाख ओमपर्यंत काहीही असू शकतो. आणि स्पीकर २.८३ व्होल्टला एक मीटरवर किती डेसिबल देतात ते.

हे पान घडी करून खिशात ठेवा. दुकानात याच्याशिवाय जाऊ नका.

तिसरी पायरी: आमचा डग्गा कुठे गेला होता

प्रीॲम्पच्या बाहेर येण्याच्या वाटेवर त्याचा स्वतःचा थोडा विरोध असतो, तो आउटपुट इम्पीडन्स. पॉवर ॲम्पचा इनपुट इम्पीडन्स त्याच्या निदान दहापट असावा, असा जुना नियम आहे. पन्नासपट, शंभरपट असेल तर उत्तमच. ट्रान्झिस्टरच्या प्रीॲम्पमध्ये बाहेरचा इम्पीडन्स शे-दोनशे ओमच्या आसपास असतो आणि चिंता राहत नाही. व्हॉल्व्हच्या प्रीॲम्पमध्ये तो हजार-दोन हजार, कधी त्याहून जास्त असतो.

माझा प्रीॲम्प २,००० ओमचा होता आणि पॉवर ॲम्प १०,००० ओमचा. म्हणजे पाचपटच. पण खरी मेख पुढे होती. व्हॉल्व्हच्या आतलं चढं डीसी व्होल्टेज बाहेर पडू नये म्हणून शेवटी एक कपॅसिटर असतो. माझ्यात तो ०.२२ मायक्रोफॅरडचा होता. हा कपॅसिटर आणि समोरचा विरोध मिळून खर्जाला चाळणी लावतात. १२,००० ओमच्या एकूण विरोधाशी ही चाळणी ६० हर्ट्झवर बसते. तिथे आवाज ३ डेसिबलने पडतो, त्याखाली आणखी घसरतो आणि वर ८० हर्ट्झलासुद्धा जवळजवळ २ डेसिबल खाल्ले जातात. डग्ग्याचा घुमारा, मनगट दाबून काढलेली ती मींड, सगळी याच पट्ट्यात. आईच्या कानाने मीटरचं काम केलं होतं.

हाच प्रीॲम्प १ लाख ओमच्या व्हॉल्व्हच्या पॉवर ॲम्पला जोडला असता, तर चाळणी ७ हर्ट्झवर गेली असती आणि कुणाला कळलंही नसतं. तो बनवलाच होता तशा जोडीसाठी. शेवटी जाणत्या कारागिराकडून २.२ मायक्रोफॅरडचा, पुरेशा व्होल्टेजचा फिल्म कपॅसिटर बसवून घेतला. त्या संध्याकाळी आईने तोच ख्याल पुन्हा ऐकला आणि मांडीवर हाताने ठेका धरला. (हे काम घरी करू नका. व्हॉल्व्हच्या प्रीॲम्पमध्ये २००-३०० व्होल्ट डीसी असतं आणि बटण बंद केल्यावरही ते काही काळ आत साठून राहतं.)

तेव्हा विक्रेत्याला आउटपुट इम्पीडन्स विचारताना दोन आकडे मागा: १,००० हर्ट्झला किती आणि २० हर्ट्झला किती. पुस्तिकेत पहिलाच छापलेला असतो. दुसरा मिळाला नाही, तर तो प्रीॲम्प किमान किती ओमच्या पॉवर ॲम्पला चालेल असं कंपनी म्हणते, ते विचारा.

निव्वळ पॅसिव्ह प्रीॲम्प, म्हणजे आत नुसतं व्हॉल्यूम आणि स्विच, वीज नाही, ही गोष्ट स्वस्त आणि स्वच्छ वाटते. जवळच्या जवळ ती चांगली चालतेही. पण ५० हजार ओमचा पोटेन्शिओमीटर (व्हॉल्यूमच्या बटणामागचा कमी-जास्त होणारा विरोध) निम्म्या आवाजावर साडेबारा हजार ओमचा विरोध उभा करतो. त्याला दहा मीटरची केबल जोडली, केबलचा स्वतःचा कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरड धरला, तर १३ हजार हर्ट्झच्या आतच वरचे सूर गळायला लागतात. १० हजार ओमचा पोटेन्शिओमीटर आणि मीटरभर केबल असेल तर ही अडचण येत नाही.

चौथी पायरी: वाढवायचं किती?

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा थांबून बघू.

डॅक २ व्होल्ट देतो आणि पॉवर ॲम्पला पूर्ण ताकदीला दीड व्होल्ट पुरतो. म्हणजे वाढवायला काही नाहीच! तरी अनेक प्रीॲम्प २० डेसिबल, म्हणजे दहापट वाढवतात. ही टेप डेक आणि जुन्या ट्यूनरच्या काळातली सवय. तेव्हा सिग्नलच दुबळा असायचा.

आता रात्रीचे साडेअकरा वाजलेत, घरातले झोपलेत, तुम्ही हळू आवाजात ऐकताय असं धरा. स्पीकर ८७ डेसिबलचे आहेत. एक मीटरवर ६७ डेसिबलसाठी त्यांना फक्त ०.२८ व्होल्ट लागतात. पॉवर ॲम्प वीसपट वाढवतो, तेव्हा त्याच्या तोंडाशी १४ मिलिव्होल्ट पोचले की झालं. डॅकमधून गाण्याचा सरासरी सिग्नल ०.२ व्होल्ट येतोय. म्हणजे व्हॉल्यूमला तो चौदापट कमी करायचाय. आणि प्रीॲम्पने मधेच दहापट वाढवून ठेवला असेल, तर एकशेचाळीसपट कमी करायचाय. बटण तळाशी, जेमतेम हललेलं. एक केसभर फिरवलं की आवाज एकदम मोठा, मागे घेतलं की गप्प.

म्हणून आजच्या यंत्रांसाठी ० ते १२ डेसिबल गेन, म्हणजे वाढ, पुरतो. गेन बदलण्याचा स्विच असेल तर फारच सोयीचं. तुम्ही रोज ज्या आवाजात ऐकता, त्या आवाजाला बटण दहा ते एक वाजण्याच्या काट्यांच्या दरम्यान यायला हवं.

पाचवी पायरी: व्हॉल्यूमचं बटण हाच अर्धा प्रीॲम्प

साध्या पोटेन्शिओमीटरमध्ये डाव्या-उजव्या बाजूचे दोन पट्टे एकाच दांड्यावर असतात. ते तळाशी कधीच तंतोतंत सारखे नसतात. मग रात्री हळू लावलं की गवई डावीकडे सरकतो, आवाज वाढवला की परत मधे येतो. आल्प्स कंपनीचे चांगले पोटेन्शिओमीटर यात बरेच सरस असतात, पण तळाचा हा दोष त्यांच्यातही थोडा राहतो.

त्याहून वरचा प्रकार म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा अटेन्युएटर (आवाज कमी करणारा भाग) किंवा रिले (विजेने हलणारे बारीक स्विच) आणि रेझिस्टरची शिडी. इथे प्रत्येक पायरीला मोजलेले रेझिस्टर असतात, त्यामुळे दोन्ही बाजू अगदी हळू आवाजातही समान राहतात. बेंचमार्क कंपनीच्या एलए-४ या प्रीॲम्पमध्ये अशा अर्ध्या डेसिबलच्या २५६ पायऱ्या आहेत. रिले बदलताना बारीक टिकटिक ऐकू येते. काहींना ती खटकते, मला ती घड्याळासारखी आवडते. पायरी २ डेसिबलची असेल तर मात्र सावध राहा. हवा तो आवाज नेमका दोन पायऱ्यांच्या मधे अडकतो.

हे तपासायला बडोदेकराजवळ हक्काची वस्तू आहे. आमच्या दरबारचे गायक उस्ताद फैयाझ खाँ (१८८६-१९५०) यांच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या. बाबांच्या पत्र्याच्या पेटीत त्या कापडात गुंडाळून ठेवलेल्या असत. आज त्यांचं डिजिटल रूपही ऐकायला मिळतं. त्या सगळ्या मोनो आहेत. मोनो म्हणजे दोन्ही स्पीकरना तंतोतंत एकच सिग्नल, आणि मधे बसलेल्या माणसाला गवई ऐन मधोमध, एका बिंदूवर उभा दिसला पाहिजे. व्हॉल्यूम अगदी तळाला न्या, डोळे मिटा, आणि तो घुमारेदार आवाज जागा सोडतो का बघा. सोडला तर प्रीॲम्प परत ठेवा, मग त्याची पाटी कितीही सोनेरी असो.

व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर

यावर माणसं भांडतात. मी दोन्हींबरोबर राहिले आहे. मरांट्झचं मॉडेल ७ किंवा मॅकिन्टॉशचं सी-२२ या जुन्या व्हॉल्व्ह प्रीॲम्पची परंपरा, पुढे सत्तरच्या दशकात ऑडिओ रिसर्च आणि कॉनराड-जॉन्सन यांनी ट्रान्झिस्टरच्या भरात पुन्हा उभी केलेली व्हॉल्व्हची वाट, हे सगळं प्रेमाने केलेलं काम आहे. चांगल्या व्हॉल्व्ह प्रीॲम्पमध्ये गळ्याला एक मांसलपणा येतो. तो थोडी भर घातल्यामुळे येतो हे मला ठाऊक आहे, आणि तरी तो मला आवडतो. चांगला ट्रान्झिस्टर प्रीॲम्प स्वतःचं काही घालत नाही, शांत असतो, वर्षानुवर्षं हात लावावा लागत नाही. नवख्याने त्यापासून सुरुवात करावी.

व्हॉल्व्ह घ्यायचाच असेल तर आपल्या मे महिन्याचा विचार करा. बाहेर ४२-४३ अंश असताना बंद काचेच्या कपाटात तो ठेवू नका, वर चांगलं वीतभर मोकळं असू द्या. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. आत १२एएक्स७, १२एयू७ किंवा ६९२२ यांसारखे आजही बनणारे व्हॉल्व्ह आहेत ना, ते विचारून घ्या. पेन्सिलीच्या मागच्या रबराने पेटीवर हळूच टकटक करा. स्पीकरमधून घंटेसारखा नाद आला तर तो व्हॉल्व्ह बदलून मागा.

घरात तबकड्या असतील तर

टर्नटेबलच्या सुईतून सिग्नल फारच बारीक येतो. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारची कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) ३ ते ५ मिलिव्होल्ट देते, तिला सुमारे ४० डेसिबल गेन आणि ४७ हजार ओमचा भार लागतो. मूव्हिंग कॉइल अर्ध्या मिलिव्होल्टच्याही आत असते, तिला ६० डेसिबल लागतात. प्रीॲम्पमध्ये फोनो भाग (सुईचा सिग्नल वाढवणारा) आहे की नाही हे आधी बघा. आजच्या बऱ्याच महाग प्रीॲम्पमध्ये तो नसतो आणि वेगळा घ्यावा लागतो.

एलपी कापताना खर्ज दाबून आणि वरचे सूर चढवून कापतात, वाजवताना उलट करतात. त्याचं आरआयएए हे ठरलेलं माप १९५४ पासूनचं. ७८च्या बऱ्याच तबकड्या त्याआधीच्या, त्यांची मापं कंपनीगणिक निराळी. त्यामुळे घरात बाबा-आजोबांची पेटी असेल, तर इक्वलायझेशन (हे माप) बदलता येणारा फोनो भाग आणि मोनोचा स्विच शोधा. मोनो स्विचने सुईच्या वरखाली हलण्याची खरखर बरीच मरते. आणि ७८साठी सुई वेगळी, टोकाची त्रिज्या जवळपास ३ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) असलेली लागते. एलपीची सुई त्या रुंद खोबणीच्या तळाशी घासत जाते.

जोडण्या आणि अर्थिंग

प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प एकाच टेबलावर असतील तर आरसीए पुरते. पॉवर ॲम्प स्पीकरजवळ, सात-आठ मीटरवर ठेवायचे असतील तर एक्सएलआर घ्या, कारण वाटेत तारेने उचललेला गोंगाट त्यात दोन्ही तारांवर सारखा येतो आणि शेवटी वजा होतो. नुसतं एक्सएलआरचं तोंड लावून आत साधंच सर्किट ठेवलेले प्रीॲम्पही असतात, तेव्हा विचारून घ्या.

पण जुन्या घरांत याहून मोठा प्रश्न अर्थिंगचा. आमच्या वाड्यात सॉकेट तीन भोकांचं होतं. वायरमनला बोलावलं. त्याने पाटी उघडली, टॉर्च मारला आणि म्हणाला, "ताई, तिसऱ्या भोकामागे तारच नाही." रंग दिलेला, स्क्रू घट्ट, आणि मागे मोकळी भिंत. किती वर्षं असं होतं कोण जाणे.

आपल्या वायरमनकडून फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ मोजून घ्या. दोन्ही जवळपास सारखे यायला हवेत. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी ते दुरुस्त करा. घुंईऽ असा संथ आवाज येत असेल तर प्रीॲम्पला लावलेल्या तारा एकेक काढत जा. माझ्या अनुभवात गुन्हेगार बहुतेक वेळा टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सची केबल असते. तिच्यात आयसोलेटर घातला की शांत होतं. घुंई जावी म्हणून प्लगची अर्थची पिन कधीही काढू नका. ती पिन माणसाचा जीव वाचवायला असते.

ऐकायला जाताना

बडोद्यात उंची प्रीॲम्प ऐकवणारी जागा सहज सापडत नाही. अहमदाबाद किंवा मुंबई गाठावी लागते. दिवस ठरवताना नवरात्र आणि उत्तरायण टाळा. गच्चीवरच्या भोंग्यांत तानपुरा ऐकू येणार नाही, आणि घरी आणलेल्या डेमोलाही हेच लागू आहे.

दोन प्रीॲम्प ताडून बघायचे तर आवाज सारखा हवा. जो किंचित मोठा तो कानाला नेहमी चांगला वाटतो. आधी २०० हर्ट्झचा सूर हळू लावा, स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा, दुसऱ्या प्रीॲम्पवर तोच आकडा आणा. व्होल्टेजमधला १२ टक्के फरक म्हणजे १ डेसिबल. तुम्हाला एक-दोन टक्क्यांच्या आत यायचंय. विक्रेता यासाठी वेळ देत नसेल तर चहा पिऊन निघा.

माझ्याजवळ तीन गोष्टी असतात. वर सांगितलेली मोनो तबकडी. नुसता तानपुरा, दोन मिनिटं: पंचम, जोड आणि खर्ज यांची प्रत्येक छेड सुटी, आणि जवारीचा झणकार वर तरंगणारा हवा, सगळ्याची एकच भुणभुण झाली तर काहीतरी चुकतंय. आणि डग्ग्याची मींड असलेला विलंबित ठेका. त्यानंतर गाणं थांबवा, बटण वर न्या, कान ट्वीटरला (वरचे सूर देणाऱ्या छोट्या स्पीकरला) लावा आणि खरखर किती आहे ते ऐका. कान लावताना कुणी प्ले दाबणार नाही याची खात्री करा.

सगळ्यात प्रामाणिक परीक्षा घरी होते. व्हॉल्यूम असलेला डॅक थेट पॉवर ॲम्पला लावून ऐका. मग मधे प्रीॲम्प घाला, त्याचा गेन मीटरने असा लावा की आत जाईल तेवढंच बाहेर येईल. काय कमी झालं, काय वाढलं, ते स्वच्छ कळतं. आठवडाभर घरी द्यायला तयार असलेल्या विक्रेत्याला मी थोडे जास्त पैसेही देईन.

जुना घेत असाल तर

मागची पाटी वाचा. जपानमधून आलेली यंत्रं १०० व्होल्टची असतात, अमेरिकेतली १२० व्होल्ट ६० हर्ट्झची. आपल्याकडे २३० व्होल्ट ५० हर्ट्झ. थेट लावलं तर ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. स्टेप-डाउन घेऊन चालवता येतं, फक्त ५० हर्ट्झवर तो ट्रान्सफॉर्मर फार तापत नाही ना, हे तासभर चालवून पेटीला बाहेरून हात लावून बघा. सगळे स्विच आणि बटणं दोन-चारदा फिरवा. कर्रकर्र आली तर साफसफाईचे पैसे कमी करून घ्या. कपॅसिटर तीस-चाळीस वर्षांचे असतील तर ते बदलण्याचा खर्च किमतीतच धरा. पावसाळ्यानंतर आरसीएच्या तोंडांवर हिरवट थर दिसतो का, तेही बघा.

घरी आणल्यावर क्रम एवढाच पाळा: सुरू करताना आधी प्रीॲम्प, अर्ध्या मिनिटाने पॉवर ॲम्प, बंद करताना आधी पॉवर ॲम्प, मग प्रीॲम्प. उलट झालं तर स्पीकरमधून धाडकन आवाज येतो आणि ट्वीटर जाऊ शकतो. व्हॉल्व्हचा असेल तर तापायला वीस-पंचवीस मिनिटं द्या, आणि तानपुरा जुळवायला घेतात तसं त्या वेळात व्हॉल्यूम तळाला ठेवून काहीतरी सावकाश लावून ठेवा.